कांग यात्से-२ला जायचंय? आधी हे बघा

स्टोक कांग्री २०२० पासून बंद असल्याने लडाखमध्ये पहिलं सहा हजारी शिखर शोधणारे अनेकजण मार्खा खोऱ्यातल्या कांग यात्से-२कडे वळतात. उंची ६,२५० मीटर. शेजारचं कांग यात्से-१ अधिक उंच आणि बरंच अवघड, तिकडे नवख्यांनी बघूसुद्धा नये.

आपली अडचण दमाची नसते, हवेची असते. कळसूबाई १,६४६ मीटर, लेह साधारण ३,५००! विमानातून उतरल्यावर किमान दोन दिवस लेहमध्येच काढा, आणि ते बाजारात हुंदडण्यात घालवू नका. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस हवा. डोकं दुखत असेल तर आणखी वर जायचं नाही. तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. उंचीच्या त्रासासाठीची डायमॉक्स गोळी डॉक्टरांना विचारूनच.

आयोजक निवडताना किंमत शेवटी विचारा. एका गाइडमागे किती जण? राखीव दिवस आहे का? ऑक्सिजन सिलिंडर? परत फिरण्याची वेळ ठरलेली आहे का? ‘शंभर टक्के समिट’ म्हणणाऱ्याला तर लांबूनच नमस्कार.

क्रॅम्पॉन, आइस अॅक्स भाड्याने मिळतात. बूट मात्र आधी घालून चाला. विम्यातली उंचीची मर्यादाही तपासा, बऱ्याच पॉलिसी सहा हजारांच्या खूप आधीच हात वर करतात.

जुलै ते सप्टेंबरची सुरुवात हा हंगाम.