स्वयंपाकघरातलं विज्ञान : खारीचे पापुद्रे कोण फुलवतं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडमध्ये टपरीवर चहासोबत खारी मोडली, की बशीभर पापुद्रे सांडतात. साध्या खारीला यीस्ट लागत नाही, तरी ती एवढी फुगते कशी?

मैद्याच्या पोळीत थंड लोणी किंवा मार्गारीन गुंडाळून तिची तीनपदरी घडी घालतात, लाटतात, पुन्हा घडी घालतात. अशा सहा घड्यांत लोण्याचे थर होतात ७२९! भट्टीत मैद्यातल्या पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा हवी असते आणि लोण्याचा थर तिला सहज निसटू देत नाही. मग ती वरचा पदर उचलते. तव्यावरची पोळी टम्म फुगते तसंच, फक्त इथे शेकडो पोळ्या एकावर एक फुगतात. आपल्या चिरोट्यातला साटाही पदर असेच वेगळे ठेवतो.

विकतच्या पफ पेस्ट्री शीटमध्ये घड्यांची मेहनत आयती मिळते, थंडावा मात्र आपण सांभाळायचा. बुलढाण्याच्या उन्हाळ्यात शीट ओट्यावर राहिली, तर लोणी मैद्यात मुरतं, पदर चिकटतात आणि हाती जाड बिस्किट येतं. शीटचे चौकोन धारदार सुरीने कापा. बोथट सुरी कडा दाबून टाकते.

या चौकोनांवर फळ ठेवायचं, तर त्याचं पाणी तळ ओला करतं. म्हणून आंब्याच्या किंवा पेरूच्या फोडी साखरेत परतून, रस आटवून, पूर्ण गार करा. प्रत्येक चौकोनाचा मधला भाग काट्याने टोचा. तिथली वाफ निसटते, कडा उंच होतात आणि फोडींसाठी वाटी तयार होते. २०० अंश सेल्सिअसवर सोनेरी होईपर्यंत भाजा.