नकाशात नसलेला गोठा

सकाळी 6:30. राजूरच्या भाड्याच्या खोलीत चहा उकळेपर्यंत रात्री लावलेलं डाउनलोड पूर्ण झालंय का ते बघतो. दीक्षा अॅपवरचे चार व्हिडिओ उतरलेत, पाचवा अर्ध्यावर अडकलाय. चार पेनड्राइव्हवर घेतले. शाळा आहे त्या वाडीवर रेंज धरत नाही, म्हणून जेवणाच्या डब्यासारखी ही शिदोरीही घरूनच बांधून न्यावी लागते.

9:45. शाळा उघडली. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, 27 मुलं. टीव्हीवर पांघरलेली गोधडी काढली. भंडारदऱ्याच्या या बाजूला ऑगस्टात भिंतींना पाझर फुटतो, तेव्हा टीव्हीलाही पांघरूण लागतं. मागची वायर तपासली. उंदरांनी मागच्या वर्षी एचडीएमआय केबल कुरतडली होती. डिजिटल शाळेवरच्या प्रशिक्षणात उंदरांचा विषय कधी निघत नाही. 43 इंची टीव्ही लोकसहभागातला. मुंबईत कामाला असलेल्या वाडीच्या पोरांनी वर्गणी काढली. वीजबिल मात्र सादिल अनुदानातून भागवायचं आणि सादिल कधी येईल याचा नेम नाही.

10:30. परिपाठ, मग हजेरी. एकदा हजेरीपटावर शाईने, एकदा फोनवर. शाईची दोन मिनिटांत झाली. फोनवरचं चाक फिरतच राहिलं, म्हणून पाण्याच्या टाकीवर चढलो. मुलांना याचं नवल उरलेलं नाही. एक जण छत्री घेऊन मागून येतो.

11:15. शेजारच्या खोलीत बाईंनी दुसरीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला. मुलं त्याला ‘ठिपक्यांचा चौकोन’ म्हणतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्यात या पुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. बक्षिसाच्या दहा लाख डॉलरांतले निम्मे त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटून टाकले, याचंच शिक्षकांमध्ये जास्त कौतुक झालं.

व्हिडिओतली ताई छापील मराठी बोलते. बाई दर अर्ध्या मिनिटाला तिला थांबवतात आणि तेच वाडीच्या बोलीत सांगतात. चार मिनिटांचा व्हिडिओ वीस मिनिटं चालतो. रिमोटवरचं सगळ्यांत झिजलेलं बटण थांबवायचं आहे.

1:15. खिचडी. मावशींनी ताटं मोजली, मी आकडा अॅपमध्ये टाकला. टाकीवर दुसरी फेरी.

2:00. चौथीला नकाशा. भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशात आमची वाडी कुठेच नाही, म्हणून आज उपग्रहाचं चित्र दाखवायचं ठरवलं होतं. फोन पिशवीत घालून खिडकीच्या गजाला बांधला. तिथे रेंजचे दोन दांडे येतात. हॉटस्पॉट सुरू केला, टीव्ही जोडला. गूगल अर्थ उघडायला इतका वेळ लागला की मुलांचा तिनाचा पाढा दोनदा म्हणून झाला.

आधी रतनगड सापडला. तो खिडकीतूनही दिसतो, पण वरून ओळखायला वेळ गेला. तिथून बोटाने प्रवरा नदी धरली. भंडारदऱ्याचा जलाशय, 1926 साली पुरं झालेलं धरण, रंधा धबधबा, अकोले, संगमनेर, आणि शेवटी प्रवरासंगमला गोदावरी. आपल्या ओढ्याचं पाणी एवढं लांब जातं हे मुलांना पटेना. एकीने पुन्हा उलटं, गोदावरीपासून ओढ्यापर्यंत बोट फिरवून खात्री करून घेतली.

मग वाडी. शाळेचं छप्पर दिसल्यावर सगळे टीव्हीला चिकटले. इतक्यात एक जण म्हणाला, “गुर्जी, ह्यो फोटो जुना हाय. आमच्या गोठ्याचा पत्रा न्हाई याच्यात.”

गोठा झाला दोन वर्षांपूर्वी. म्हणजे फोटो त्याआधीचा. दुसरी म्हणाली, फोटो उन्हाळ्यातला, कारण डोंगर पिवळा आहे आणि धरणाच्या कडेला तांबडी माती उघडी पडलीय. तिसऱ्याने खळ्यावरून सांगितलं की भात झोडून झालेला आहे. आज मी नकाशाच्या खुणा आणि दिशा शिकवणार होतो. पोरांनी नकाशाचीच उलटतपासणी सुरू केली. पाठ टाचणात लिहिलेल्या उद्दिष्टांपासून कुठल्या कुठे गेला आणि मी त्याला जाऊ दिलं.

2:35. लाइट गेली. कोणी हळहळलं नाही. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून फरशीवर अंथरली आणि वाडी काढायला घेतली. गोठा, नवी विहीर, वादळात पडलेलं आंब्याचं झाड काट मारून. उत्तर कुठली यावर भांडण झालं, ते बाहेर जाऊन रतनगडाकडे तोंड करून मिटवलं. पडद्यावर फोटो आधी दिसला नसता तर ही चूक काढायची खुमखुमी कुठून आली असती? आणि लाइट टिकली असती तर मीच बहुधा पुढचा व्हिडिओ लावला असता.

4:30. मुलं गेली. गोधडी पुन्हा टीव्हीवर. केंद्रप्रमुखांचा निरोप: आजच्या आज एक लिंक भरायची आहे, तातडीने. माहिती तीच, जी गेल्या महिन्यात दुसऱ्या लिंकवर भरली होती: मुलं किती, संगणक किती, चालू किती. शिकवण्यासाठी टीव्ही दिवसातून तासभर लागतो, पण वर आकडे पाठवायला फोन दिवसभर हातात. या हिशेबाला कुठल्याच लिंकमध्ये रकाना नाही.

8:45. राजूर. लिंक भरून झाली. मुलांच्या नकाशाचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. गोठेवाल्या मुलाच्या बापाचं लगेच उत्तर आलं: गोठ्याला दार ओढ्याच्या बाजूला आहे, पोराने उलट काढलंय.

उद्या पहिलीला बेरीज. पाचव्या व्हिडिओचं डाउनलोड बंद केलं आणि बाईंना निरोप टाकला, घरातले चिंचोके घेऊन या.