अँटवर्पचे हिरे आणि हातांचा हिशेब

बेल्जियममधील अँटवर्प हे शहर हिऱ्यांच्या व्यापारामुळे जैन कुटुंबांना नावाने तरी परिचित असतेच. शेल्ट नदीकाठच्या या बंदरात 1960च्या दशकापासून पालनपूरच्या जैनांनी पेढ्या घातल्या आणि आज कित्येकांची तिसरी पिढी तेथे व्यवसाय करीत आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातील एक हळद व्यापारी पत्नीसह युरोपच्या प्रवासास निघाले, तेव्हा त्यांनी या शहरासाठी मुद्दाम दोन दिवस राखून ठेवले. परक्या मुलखात आपल्या समाजाने नाव कसे कमावले, हे त्यांना पाहावयाचे होते.

अँटवर्पचे मध्यवर्ती रेल्वे स्थानक 1905 मध्ये पूर्ण झाले. त्याचा घुमट 75 मीटर उंच आहे आणि आतील संगमरवर पाहून एखाद्या राजवाड्यात आल्याचा भास होतो. स्थानकाच्या अगदी लगतच हिरेबाजार आहे. जगभर नाव असलेला हा बाजार होव्हेनियर्सस्ट्राट आणि तिच्या आजूबाजूच्या मोजक्या अरुंद गल्ल्यांत सामावलेला आहे. काळे लांब कोट आणि काळ्या टोप्या घातलेले ज्यू व्यापारी, त्यांच्याच बाजूने गुजरातीत बोलत जाणारी मंडळी आणि सर्वांवर लक्ष ठेवणारे पहारेकरी, असे तेथील दृश्य असते. लाखमोलाचे हिरे साध्या घडीच्या कागदी पुड्यांतून या हातातून त्या हातात जातात. एका कॅरटचे वजन जेमतेम 200 मिलिग्रॅम!

सौदा ठरला की दोघे हात मिळवितात आणि ‘मझल’ हा हिब्रू शब्द उच्चारतात. दैव आणि आशीर्वाद मागणाऱ्या एका जुन्या शुभवचनातला हा शब्द आता ज्यू, जैन, बेल्जियन असे सारेच वापरतात. तो उच्चारला की सौदा पक्का. शब्द फिरविणाऱ्याला पुढे बाजारात कोणी उभे करीत नाही. हे ऐकून सांगलीच्या पाहुण्यांना आपल्याकडील जुन्या अडत बाजारांची आठवण झाली. तेथेही रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे आणि तोंडचा शब्द हाच दस्तऐवज मानला जाई.

दुपारी दोघे ग्रोटे मार्क्ट या जुन्या चौकात आले. तेथे 1887 मध्ये उभारलेला ब्राबो या वीराचा पुतळा आहे. दंतकथा अशी, की अँटिगून नावाचा राक्षस नदीवर जकात घेई आणि जकात न देणाऱ्या नावाड्याचा हात तोडून टाकी. ब्राबोने त्या राक्षसाचाच हात तोडून नदीत भिरकावला. शहराच्या चिन्हातही हात आहेत आणि मिठाईच्या दुकानांत हाताच्या आकाराची बिस्किटे मिळतात. पत्नीने चौकशी केली, तेव्हा त्यांत अंडे असल्याचे कळले. बिस्किटे तेथेच राहिली.

जुन्या धक्क्यांवर फिरताना वाटाड्याने सांगितलेली हकिकत मात्र दंतकथा नव्हती. आफ्रिकेतील काँगो हा प्रदेश 1885 ते 1908 या काळात बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीचा होता. तेथील रबर आणि हस्तिदंत अँटवर्पच्या बंदरात उतरत असे. लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीचा एडमंड मोरेल नावाचा तरुण कारकून कामानिमित्त येथे येई. जहाजे भरभरून माल आणतात, पण परत जाताना त्यांत मुख्यतः बंदुका आणि दारूगोळाच असतो, हे त्याच्या ध्यानात आले. मालाच्या बदल्यात तेथील लोकांना काहीच मिळत नसेल, तर तो माल येतो कसा? जमाखर्चातील या एका विसंगतीवरून त्याने ताडले, की हे सारे सक्तीच्या मजुरीतून येत आहे. खर्ची पडलेल्या काडतुसांचा हिशेब म्हणून सैनिकांना माणसांचे तोडलेले हात हजर करावे लागत, हेही पुढे उघड झाले. मोरेलने नोकरी सोडली, लेखणी हाती घेतली आणि इतर अनेकांच्या साथीने लोकमत जागे केले. अखेर 1908 मध्ये राजाला काँगोवरील मालकी सोडावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी विल्रेक या उपनगरातील जैन मंदिरात शंखेश्वर पार्श्वनाथांचे दर्शन घेतले. शुभ्र संगमरवरावरील नाजूक नक्षी पाहताना युरोपात असल्याचा विसर पडावा, असे ते मंदिर आहे. प्रदक्षिणा आटोपून बाहेर बसल्यावर पत्नी म्हणाल्या, “अहो, त्या कारकुनाने दुसऱ्याच्या वहीत एवढे पाहिले. आपली हळद शिजविणाऱ्या, पॉलिश करणाऱ्या बायांना दिवसाला काय मिळते, हे आपल्या वहीत आहे का?” यजमान थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नाही. ते आपण कधी विचारलेच नाही.”

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘तदाहृतादान’ सांगितले आहे. चोरून आणलेला माल स्वीकारणे, हा त्याचा अर्थ. स्वतः चोरी न करणाऱ्या श्रावकालाही आलेल्या मालाचा उगम पाहण्याची जबाबदारी त्यातून येते. कच्च्या हिऱ्यांसाठी 2003 पासून किंबर्ले प्रमाणपत्राची आंतरराष्ट्रीय पद्धत अमलात आहे. बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरविणारे हिरे बाजाराबाहेर ठेवणे, हा तिचा उद्देश आहे; खाणीतील मजुराला योग्य वेतन मिळाले की नाही, हे त्या कागदावरून कळत नाही. तेवढे विचारणे व्यापाऱ्यावरच सोडलेले आहे, मग पुडीत हिरा असो वा पोत्यात हळद.

अँटवर्पच्या गल्ल्यांत हस्तांदोलनाला मोठा मान आहे आणि तो योग्यच आहे. परंतु त्या वेळी समोरासमोर असतात ते दोनच हात. माल घडविणारा तिसरा हात तेथे कधीच हजर नसतो. त्याची नोंद कोणी ठेवायची असेल, तर ती पेढीवरच्या वहीतच ठेवावी लागेल.