दोन रांगांचें एक स्तोत्र

आळंदीच्या वाटेवरील आम्हां दिघीकरांस समूहगायन म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. टाळकऱ्यांच्या समोरासमोर दोन रांगा, एकीनें चरण म्हणावयाचा व दुसरीनें तो उचलावयाचा, ही रीत येथील लहान मुलासहि ठाऊक असते. आज ज्या ख्रिस्ती स्तोत्राविषयीं बोलावयाचें आहे तें अशाच दोन रांगांत, आळीपाळीनें गाण्याचा प्रघात आहे. त्याचें नांव ‘ते देउम’. आरंभींच्या ह्या दोन लॅटिन शब्दांचा अर्थ ‘तुला, देवाला’ एवढाच.

स्तोत्राचें वय सुमारें सोळाशें वर्षें. इ. स. ३८७ मध्यें मिलान नगरींत संत अँब्रोज यांनीं ऑगस्टीन यांस बाप्तिस्मा दिला, त्या वेळीं दोघांनीं एकाआड एक चरण उत्स्फूर्तपणें रचिला, अशी आख्यायिका आहे. विद्वान ती मानीत नाहींत. मला मात्र ती खोटी असूनहि मार्मिक वाटते. हें एकट्याचें गाणें नव्हे, हें ती रचणाऱ्यानें ओळखलें होतें. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यांनीं मठवासीयांसाठीं नियम केले, त्यांत रविवारीं उजाडण्यापूर्वींच्या उपासनेंत हें स्तोत्र आहे. पुढें राजेलोकांनीं तें दरबारीं नेलें. हँडेल ह्या संगीतकारानें १७१३ सालीं युट्रेक्टच्या तहासाठीं त्याला स्वरसाज चढविला, आणि १७४३ सालीं डेटिंगेनच्या विजयासाठीं पुन्हां चढविला. तहालाहि तेंच, लढाईलाहि तेंच! तोफांच्या धुरांतलें हें आभारप्रदर्शन मला रुचत नाहीं. कॅथॉलिक पंथांत ३१ डिसेंबरला सरत्या वर्षाचे आभार मानतांना तें म्हणतात, तें अधिक शोभतें.

अँग्लिकन पंथाच्या प्रार्थनापुस्तकांत सकाळच्या उपासनेंत हें स्तोत्र आहे, व त्या पुस्तकाच्या भाषांतराबरोबर तें मराठींत आलें. पुण्यांत १८८५ सालीं बांधलेलें पंचहौदचें पवित्र नाम देवालय ह्याच परंपरेंतलें. १९७० सालीं नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तिच्यांत ही मंडळी सामील झाली.

आतां गंमत अशी कीं, हें स्तोत्र गद्य आहे. त्याला ना वृत्त, ना यमक. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं अभंग व पदें रचून ख्रिस्ती उपासनेला आपल्या मातीचा ताल दिला; येथें तालाचा आधारच नाहीं. मग पंधरा-वीस माणसें एकसाथ गातात कशीं? युक्ति सोपी आहे. चरणाचे दोन भाग करावयाचे. प्रत्येक भागांतील बहुतेक शब्द एकाच स्वरावर, बोलण्याच्या गतीनें म्हणावयाचे, आणि शेवटच्या थोड्या अक्षरांवर सूर वळवून खालीं ठेवावयाचा. चरण लांब असो वा आखूड, तो बसतो. म्हणूनच भाषांतरकारास अर्थ मोडून वृत्तांत कोंबावा लागत नाहीं. शिवाय लॅटिनांत आरंभींच ‘तुला’ येतें. इंग्रजींत कर्ता प्रथम घ्यावा लागतो. आपल्या मराठीला मात्र ‘तुला’ पुढें ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

पण ह्या पद्धतींत सर्वांनीं एकाच वेळीं श्वास घ्यावा लागतो, आणि शेजाऱ्याचा शब्द ऐकल्याविना आपला उच्चारतां येत नाहीं. मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेण्यांत माझी हयात गेली. नुसते ओठ हलविणारा एखादा पोरगा प्रत्येक वर्गांत असतोच, व समूह त्याला झांकून घेतो. ह्या स्तोत्रांतहि तसें झांकण आहे. देवदूत, प्रेषित, संदेष्टे, हुतात्मे आणि अखिल मंडळी असा मोठा समुदाय त्यांत देवाला स्तवितो, मग ख्रिस्ताचा महिमा येतो, आणि गाणारा सर्वत्र ‘आम्ही’ म्हणतो. शेवटच्या कांहीं याचना मागाहून जोडलेल्या, बहुतांशीं बायबलांतील स्तोत्रसंहितेंतून घेतलेल्या, त्यांतहि ‘आम्ही’च. फक्त अगदीं अखेरच्या चरणांत, देवावरचा आपला भरंवसा फोल ठरूं नये असें मागतांना, शब्द एकवचनी होतो. दोन्ही रांगांतल्या प्रत्येकाला तेथें ‘मी’ म्हणावें लागतें.