द्विनळी रायफल, जुनी : काडतुसाची निश्चिती
दोन नळ्या शेजारी शेजारी, क्वचित एकीवर एक, जोडलेली व बिजागरीवर मोडून उघडणारी शिकारी रायफल म्हणजे द्विनळी रायफल. इंग्लंडमधील लंडन व बर्मिंगहॅम, जर्मनीतील झूल, ऑस्ट्रियातील फेर्लाख आणि बेल्जियममधील लीएझ ही तिच्या निर्मितीची प्रमुख केंद्रे होत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत तेथे बनलेल्या रायफली भारतातही संस्थानिकांच्या शस्त्रागारांत व खाजगी संग्रहांत आल्या. मूळ पेटी व कागदपत्रे हरवलेल्या अशा रायफलीचे काडतूस कोणते, हे ठरविणे दिसते तितके सोपे नसते. काडतूस नळीमागील कोठीत सहज बसले, एवढ्यावरून ते योग्य ठरत नाही. बहुतेक अपघातांचे मूळ याच समजुतीत असते. पुंगळीची मापे, गोळीचा व्यास आणि दारूचा प्रकार व भार या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

यांपैकी दारूची बाब सर्वांत फसवी आहे. ब्रिटिश ·४५० ‘एक्सप्रेस’ काडतुसाची सव्वातीन इंच लांबीची पुंगळी मुळात काळ्या दारूसाठी होती. १८९८ मध्ये रिग्बी यांनी तीच पुंगळी घेऊन तीत ७० ग्रेन कॉर्डाइट ही धूमहीन दारू व ४८० ग्रेन वजनाची गोळी योजली. परिणामी काळ्या दारूच्या जुन्या रायफलीत हे नवे काडतूस बिनदिक्कत शिरते. मात्र त्याचा दाब सोसण्याजोगी तिची नळी व अडसर नसतात. तीन इंची ·५०० काडतुसाची गोष्टही अशीच. अशा वेळी निर्णय नळ्यांच्या तळाशी उमटविलेल्या चाचणी-मुद्रांवरून करावा लागतो. ‘नायट्रो प्रूफ’ ही मुद्रा व तिच्यासोबत ‘कॉर्डाइट ७०–४८०’ यासारखा कमाल भाराचा उल्लेख असेल, तर रायफल धूमहीन दारूसाठी तपासलेली आहे. तो नसल्यास ती काळ्या दारूचीच समजणे इष्ट. काळ्या दारूच्या काही रायफलींसाठी कॉर्डाइटचा हलका भारही काढण्यात आला होता. त्याचा पूर्ण भाराशी घोटाळा करू नये.

काडतुसाच्या नावावरही विसंबता येत नाही. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचा व्यास ·४५० असल्याने तिचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये, म्हणून १९०७ मध्ये भारतात या व्यासाच्या रायफलींवर बंदी आली. तिला पर्याय म्हणून ·५००/·४६५, ·४७०, ·४७५ क्र. २ व ·४७६ ही काडतुसे प्रचारात आली. त्यांपैकी ·४७५ क्र. २ ची गोळी प्रत्यक्षात ·४८३ इंच व्यासाची असते, तर त्याच्याच जेफ्री प्रकाराची ·४८८ इंच. हा फरक नावावरून उमगत नाही.

जर्मन रायफलींवरील आकडे वाचण्याची रीत निराळी आहे. १८९१ च्या कायद्यानुसार तेथे व्यास ‘बोअर’मध्ये, म्हणजे एक पौंड शिशापासून त्या व्यासाच्या किती गोळ्या होतात या संख्येने, दर्शवीत. ११८·३५ ही संख्या सुमारे ८·६ मिमी. व्यास सांगते. पुढे मिलिमीटर आले, तरी माप खाचांमधील उंचवट्यांवर घेतलेले असे. म्हणून ‘७·८/५७’ म्हणजे ८ × ५७ आणि ‘८·७/७२’ म्हणजे ९·३ × ७२ आर. हे दुसरे सौम्य दाबाचे काडतूस असून नामसाधर्म्य असले, तरी ९·३ × ७४ आर या प्रबळ काडतुसाशी त्याचा अदलाबदल चालत नाही. आठ मिलिमीटरमध्ये तर ·३१८ व ·३२३ इंच असे गोळीचे दोन व्यास आहेत. कडेच्या पुंगळीत ते अनुक्रमे आय आर व आय आर एस या अक्षरांनी ओळखतात. लहान व्यासाच्या नळीत मोठी गोळी उडविल्यास दाब धोकादायक रीतीने वाढतो.

मुद्रा पुसट असल्यास, किंवा कोठी नंतर कोरून वाढविल्याचा संशय आल्यास, मोजमापाखेरीज गत्यंतर नसते. मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीतून हळूहळू ठोकत नेली, की तिच्यावर खाचांचा ठसा उमटतो. कोठीचा साचा गंधकाचा किंवा अल्प उष्णतेवर वितळणाऱ्या बिस्मथयुक्त मिश्रधातूचा घेतात. असा मिश्रधातू थिजल्यानंतर प्रथम आकसतो व मग प्रसरण पावतो, त्यामुळे मापन ठरलेल्या वेळीच करावे लागते. कडेचा व्यास व जाडी, तळाचा व मानेचा व्यास आणि लांबी ही मापे दोन्ही नळ्यांची स्वतंत्रपणे घेऊन प्रमाणित तक्त्यांशी ताडून पाहतात. काही जुन्या ब्रिटिश निर्मात्यांच्या नोंदवह्यांत रायफलीच्या क्रमांकावरून मूळ काडतूस व भार सापडतो. तो पुरावा उत्तम होय. उलट, रायफलीबरोबर मिळालेली काडतुसे हा पुरावा नव्हे.

काडतूस निश्चित झाले, तरी भार जुळवायचा राहतोच. दोन्ही नळ्या समोरच्या बाजूस किंचित जवळ येतील अशा रीतीने, विशिष्ट वजनाची गोळी व विशिष्ट वेग धरून, कारागिराने जोडलेल्या असतात. गोळी नळीत असतानाच धक्क्याने उजवी नळी उजवीकडे व डावी डावीकडे वळू लागते. वेग कमी पडला, तर हे वळण वाढून गोळ्या एकमेकींपासून दूर जातात. वेग वाढला, तर त्यांचे मार्ग परस्परांना छेदतात. त्यामुळे दोन्ही नळ्यांच्या गोळ्या लक्ष्यावर जवळजवळ पडल्या, तर मूळ भार सापडल्याचा तो एक आधार मानतात. ही चाचणी मात्र नळ्या, बिजागरी व अडसर जाणत्या शस्त्रकाराकडून तपासून घेतल्यानंतर, हलक्या भारापासून आरंभ करून व दुरूनच चाप ओढून करतात.