जैविक घटकांचा संपर्क आणि मानवी शरीराचे संदूषण-निवारण : एक विवेचन

प्रस्तावना

मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशातील बरेली येथे, टाळेबंदीमुळे परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण फवारण्यात आले. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. त्यानंतर १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर जंतुनाशक फवारणे अशास्त्रीय व अपायकारक असल्याचे स्पष्ट केले. या प्रसंगामागे दुष्ट हेतू नव्हता. परंतु एक मूलभूत वैचारिक गोंधळ मात्र निश्चितच होता. तो दूर करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निर्जंतुकीकरण आणि संदूषण-निवारण

निर्जंतुकीकरण म्हणजे जंतूंचा नाश करणे, तर संदूषण-निवारण म्हणजे दूषित पदार्थ शरीरावरून दूर करणे. पहिली क्रिया वस्तूंवर व वास्तूंवर करता येते. दुसरी माणसांवर करावयाची असते. जे रसायन कठीण कवचाचे बीजाणू नष्ट करू शकते, ते डोळे, श्वसनमार्ग व त्वचा यांनाही इजा करते. शिवाय जंतू एकदा शरीरात शिरल्यानंतर बाह्य फवारणीचा त्यांवर काहीही परिणाम होत नाही. म्हणूनच माणसाच्या बाबतीत जंतू ‘मारणे’ नव्हे, तर ‘धुऊन काढणे’ हे उद्दिष्ट ठरते.

रासायनिक व जैविक घटकांतील भेद

२० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन या विषारी रसायनाचा हल्ला झाला. रुग्णांच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेमुळे रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. अशा प्रसंगी संदूषण-निवारणातील प्रत्येक मिनिट मोलाचे असते. जैविक घटकांचे स्वरूप याहून वेगळे आहे. काही बुरशीजन्य विषांसारखे अपवाद वगळता हे घटक अखंड त्वचेतून आत शिरत नाहीत. त्यांचा मुख्य मार्ग श्वसन, अन्न अथवा जखम हा असतो. तसेच लक्षणे दिसण्यास काही दिवस, क्वचित काही आठवडेही लागतात. १९७९ मध्ये सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क येथे लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत पसरले, तेव्हा काही व्यक्ती सुमारे सहा आठवड्यांनंतर आजारी पडल्या. रुग्ण दवाखान्यात येतो तोवर त्याने अनेकदा स्नान केलेले असते व कपडेही बदललेले असतात. अशा रुग्णाला संदूषण-निवारणाची नव्हे, तर उपचारांची गरज असते.

प्रत्यक्ष कार्यपद्धती

संशयास्पद भुकटीशी नुकताच संपर्क आला असेल, तर पुढील क्रम पाळावा. भुकटी झटकू नये, फुंकू नये व तिचा वास घेऊ नये. पंखे व वातानुकूलन यंत्रणा बंद करून खोलीबाहेर पडावे आणि दार लावून घ्यावे. प्रथम हात साबण व पाण्याने धुवावेत. कपडे सावकाश उतरवावेत. डोक्यावरून ओढून काढण्याऐवजी शक्य तेथे ते कापून काढावेत, म्हणजे चिकटलेले कण नाकातोंडाजवळ येत नाहीत. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करावे व ती पिशवी दुसऱ्या पिशवीत ठेवावी. त्यानंतर भरपूर पाणी व साबण वापरून केसांसह सर्वांग धुवावे. डोळे केवळ स्वच्छ पाण्याने धुवावेत. त्वचा खरवडू नये, कारण ओरखडा हाच जंतूंचा प्रवेशमार्ग होऊ शकतो. साबणाने बीजाणू मरत नाहीत, ते वाहून जातात. अल्कोहोलयुक्त द्रावण बीजाणूंवर निष्प्रभ ठरते. स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र आडोसा व बदलावयाचे कपडे पुरविणे, हा या पद्धतीचाच भाग होय. अवमानित होण्याची भीती असेल, तर लोक संपर्क लपवतात व पुढील उपचारांपासून दूर राहतात.

वेळेवर औषधाचे महत्त्व

१५ ऑक्टोबर २००१ रोजी वॉशिंग्टन येथे सिनेटर टॉम डॅशल यांच्या कार्यालयात अँथ्रॅक्सचे बीजाणू असलेले पत्र उघडले गेले. तेथील कर्मचाऱ्यांना तातडीने प्रतिजैविके देण्यात आली आणि त्यांच्यापैकी कोणालाही हा रोग झाला नाही. तेच पत्र ज्या ब्रेंटवूड टपालकेंद्रातून गेले होते, ते मात्र २१ ऑक्टोबरपर्यंत सुरू राहिले; बंद लिफाफ्यातून बीजाणू बाहेर पडतील, असे कोणास वाटले नव्हते. तेथील दोन कर्मचारी दगावले. त्या वर्षीच्या पत्रहल्ल्यांत एकूण २२ जण आजारी पडले व ५ जणांचा मृत्यू झाला. सिनेटची दूषित इमारत क्लोरीन डायऑक्साइड वायूने निर्जंतुक करून पुन्हा उघडण्यास जानेवारी २००२ उजाडला. वास्तूला महिने लागले. माणसाच्या स्नानाला काही मिनिटे पुरतात. परंतु श्वासावाटे आत गेलेले बीजाणू स्नानाने निघत नाहीत, म्हणून संपर्कातील व्यक्तींना ६० दिवस प्रतिजैविके घेण्याचा सल्ला देण्यात आला होता. अँथ्रॅक्स माणसाकडून माणसाकडे सहसा पसरत नाही. देवी अथवा फुप्फुसाचा प्लेग यांसारख्या रोगांत मात्र विलगीकरणही अपरिहार्य ठरते.

समारोप

सारांश, जैविक घटकांच्या संपर्कानंतर कपडे बदलणे, साबण-पाण्याने स्नान करणे, संपर्कातील प्रत्येकाची नोंद ठेवणे व वेळेवर औषध देणे, या चार गोष्टी निर्णायक आहेत. यांतील पहिल्या दोन गोष्टींसाठी खर्चिक यंत्रणा लागत नाही. शेवटच्या दोहोंसाठी सक्षम सार्वजनिक आरोग्यव्यवस्था लागते. फवारणीचा देखावा त्या व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही. टपाल हाताळणारा कामगार असो वा गावी परतणारा मजूर, त्याच्याकडे दूषित वस्तू म्हणून न पाहता संरक्षणास पात्र असलेली व्यक्ती म्हणून पाहणे, हेच संदूषण-निवारणाचे पहिले सूत्र होय.