शीर सापडत नाही हो तुमची!

एका सुईसाठी लॅबमध्ये गेलात आणि जांभळा हात घेऊन परत आलात? डोन्ट वरी, बहुतेक वेळा तो आपोआप बरा होतो. पण ‘चालतंच’ म्हणून सगळं सोडूनही देऊ नका. डाग का पडतो, कसा टाळायचा आणि कधी खरोखर घाबरायचं, ते बघू या.

सकाळचे सव्वासात. रात्री नऊपासून पोटात काही नाही, पाणीसुद्धा नाही. हाताला रबरी पट्टा आवळलेला, आणि समोरचा माणूस कोपराची खळगी बोटाने चाचपडतोय. ‘मूठ वळा. सोडा. परत वळा.’ एकदा टोचून झालं, काही आलं नाही. मग सुई आतल्या आत जरा इकडे, जरा तिकडे. मग दुसरा हात. आणि मग ते सुप्रसिद्ध वाक्य, ‘शीर सापडत नाही हो तुमची!’ जणू काही तुम्हीच ती घरी विसरून आलात.

कसंबसं रक्त निघतं. कापसाचा बोळा खळगीत, हात दुमडून छातीशी. पण घड्याळात लोकलची वेळ झालेली असते. पनवेलहून सीएसएमटी म्हणजे सव्वा तासाहून जास्त, गाडी चुकली की बसायची जागा गेली. म्हणून मग त्याच हातात लॅपटॉपची बॅग अडकवून स्टेशनकडे पळापळ. दुपारी ऑफिसात बाही वर केली, तर रुपयाएवढा निळा डाग. संध्याकाळपर्यंत तो पुरीएवढा झालेला आणि शेजारच्या क्युबिकलमधून प्रश्न, ‘काय रे, घरी मारतात का?’

पाच मिनिटांचा फंडा

आता गंमत बघा. आपण सगळा राग त्या सुईवर काढतो, पण डाग किती मोठा होणार हे बऱ्याचदा सुई बाहेर आल्यानंतरच्या पाच मिनिटांत ठरतं. सुई निघाली की शिरेला एक बारीक भोक उरतं. ते बंद होईपर्यंत रक्त कातडीखाली झिरपतं, तिथेच साकळतं आणि डाग पडतो. शोधाशोधीत सुई शिरेच्या आरपार गेली असेल, तर भोकं दोन. म्हणजे अशा वेळी नीट दाबून धरण्याची गरज दुप्पट, आणि नेमकं तेव्हाच आपण वैतागून उठतो आणि चालू पडतो.

बोळा ठेवून हात घडी करायचा ही पिढ्यान्पिढ्यांची सवय. लॅबवालेही कित्येकदा तसंच सांगतात. पण हात दुमडला की बोळ्याचा दाब हवा तिथे पडत नाही, आणि हात सरळ केला की नुकतंच बंद होऊ लागलेलं भोक पुन्हा उघडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली रक्त काढण्याच्या पद्धतीवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. त्यात स्पष्ट म्हटलंय, की हात सरळ आणि किंचित वर उचलून ठेवा, दुमडू नका, दुमडल्याने रक्त साकळतं. तेव्हा हात सरळ, दुसऱ्या हाताची दोन बोटं बोळ्यावर, आणि घड्याळ लावून तीन मिनिटं. दोनदा टोचलं असेल तर पाच. ‘थांबलं का?’ म्हणून मध्ये मध्ये डोकावून बघायचं नाही. आणि चोळायचं तर अजिबात नाही.

त्यानंतर दोन-चार तास तरी त्या हाताने बॅग, भाजीची पिशवी, बाइकचा स्टँड यातलं काही नको. लोकलमध्ये कडीला लटकायचं तर दुसऱ्या हाताने. जिमवाल्यांनो, त्या दिवशी बायसेप्सला सुट्टी. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे पुढची लोकल पकडणं.

एक गैरसमज इथेच निकालात काढू. ‘इतकं रक्त काढलं म्हणून हात दुखतोय’ असं काही नसतं. दोन-तीन ट्यूब मिळून जेमतेम १० मिली रक्त जातं. अंगात असतं पाचएक लिटर. रक्तदानात एका वेळी ३५० मिली देऊन लोक बिस्किट खाऊन घरी जातात. हात दुखतो तो साकळलेल्या रक्ताच्या दाबामुळे आणि सुईने आत उकरलेल्या जागेमुळे.

डाग पडलाच, आता?

पहिला दिवस थंडाचा. ऑफिसच्या पॅन्ट्रीतून बर्फाचे दोन खडे घ्या, रुमालात गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, आणि दिवसातून तीन-चारदा हेच. बर्फ थेट कातडीवर नको. दुसरा दिवस उलटला, सूज थांबली, की मग गरम शेक. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. घरी पोचताक्षणी आई गरम पाण्याची पिशवी घेऊन येते आणि पाठोपाठ बाम चोळायला बसते. गरमाने शिरा रुंदावतात, चोळल्याने भोक उघडतं, डाग पसरतो. आईला दुखवू नका, फक्त पिशवी परवासाठी राखून ठेवा. आजीचा हळदीचा लेप? हलक्या हाताने लावला तर बिघडत नाही. फक्त सगळं पिवळं झाल्यावर खालचा डाग कुठल्या रंगावर आलाय ते कळत नाही, एवढंच.

कारण या डागाला स्वतःचं एक रंगीत वेळापत्रक असतं. आधी लालसर, मग निळा-जांभळा, मग हिरवट, शेवटी पिवळा-तपकिरी. शरीर साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोडीत काढतं, तेव्हा आधी हिरवं आणि मग पिवळं द्रव्य तयार होतं. म्हणजे डाग हिरवा दिसला की घाबरायचं नाही, उलट गाडी रुळावर आहे. कधी कधी डाग कोपरापासून मनगटाच्या दिशेला सरकल्यासारखा वाटतो. तेही काही नवं नाही, रक्त वजनाने खाली उतरतं. एक ते दोन आठवड्यांत सगळं पुसलं जातं.

दुखतंय फार? साधी पॅरासिटामॉल पुरे. अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने नकोच. त्याने रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स थंडावतात आणि डाग वाढू शकतो. मात्र डॉक्टरांनी हृदयासाठी वगैरे रोजची अॅस्पिरिन दिली असेल, तर ती डागाच्या भीतीने बंद करू नका. रक्त काढायच्या आधी तसं सांगा आणि दाबून धरायचा वेळ वाढवा.

पावसाळ्यातला पनवेलकर

आपल्या भागातली खरी परीक्षा जूननंतर सुरू होते. जुन्या पनवेलची लाईन आळी असो, नवीन पनवेलचे सेक्टर असोत, की कामोठे-कळंबोली-खारघरच्या नव्या सोसायट्या. ताप आला की पहिली शंका डेंग्यूची. टाक्या, कुंड्या, बांधकामावर साठलेलं स्वच्छ पाणी हे त्या डासाचं आवडतं घर. डेंग्यू निघाला, की मग रोज प्लेटलेट काउंट. रोज काउंट म्हणजे रोज सुई.

इथे हिशोबच बदलतो. प्लेटलेट्स एरवी दीड ते साडेचार लाख असतात. त्याच उतरल्या की सुईचं तेवढंसं भोकही लवकर बुजत नाही. त्यामुळे डेंग्यूच्या पेशंटचे दोन्ही हात चार दिवसांत नकाशासारखे दिसायला लागतात आणि घरच्यांना वाटतं, लॅबवाल्याने हात बिघडवला. अशा वेळी दाबून धरायचं ते पाच-दहा मिनिटं, आणि ते काम पेशंटचं नाही, सोबत आलेल्याचं. तापाने गळालेल्या माणसाला कुठून ताकद असणार? आज डावा तर उद्या उजवा, असे हात आलटून पालटून द्यावेत. अॅडमिट असाल तर दिवसभराच्या सगळ्या तपासण्या एकाच टोचण्यात उरकता येतील का, हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. आणि डेंग्यूत अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचं नावही काढायचं नाही. अंगदुखीला आणि हाताच्या डागाला एकच गोळी, ती पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात.

शीर म्हणजे नक्की कुठली?

आपली मराठी इथे जरा घोळ घालते. रक्त वाहतं ती शीर आणि मानेची ‘शीर दबली’ म्हणतो तीही शीर. एक रक्तवाहिनी, दुसरी मज्जातंतू. कोपराच्या खळगीत या दोघी शेजारी शेजारी नांदतात. करंगळीच्या बाजूची रक्तवाहिनी तर मज्जातंतू आणि धमनी या दोघांना खेटून जाते. म्हणूनच मधली किंवा अंगठ्याच्या बाजूची शीर आधी बघायची असते.

सुई टोचताना चुरचुरणं नॉर्मल. पण करंट बसावा तशी कळ थेट बोटांपर्यंत गेली, हाताला झिणझिण्या आल्या, तर ती दुसरी शीर आहे. त्या क्षणी ‘सहन करा, झालंच’ ऐकायचं नाही. ‘थांबा, सुई काढा’ एवढंच म्हणायचं. चांगला टेक्निशियन वाद न घालता काढतो. दिवसभर कीबोर्डवर बोटं चालवणाऱ्यांसाठी ही गोष्ट डागापेक्षा कितीतरी मोठी आहे. बहुतेकांचं दुखणं काही दिवसांत किंवा आठवड्यांत निवळतं. पण बधिरपणा टिकला, पकड सैल वाटायला लागली, कप हातातून निसटू लागला, तर डॉक्टर गाठायचा. तिथे ‘शीर दुखावली’ म्हणून थांबू नका. कळ कुठून कुठे गेली, कुठल्या बोटांना मुंग्या येतात, हे दाखवा.

डॉक्टरकडे पळायची बाकी कारणंही इथेच सांगून टाकतो. सूज बघता बघता वाढतेय, बोटं गार किंवा पांढरी पडली, तर तातडीने, त्याच दिवशी. दोन-तीन दिवसांनी जागा लाल, गरम झाली, पू किंवा ताप आला तर तेही. शीर दोरीसारखी कडक लागत असेल तर दाखवून घ्या, त्यावर लावायची मलमं मिळतात, पण डॉक्टरांना विचारून. आणि डाग तीन आठवडे हलायला तयार नाही, किंवा न टोचताही अंगावर डाग पडतात, हिरड्यांतून रक्त येतं, मुलींच्या बाबतीत पाळीतही खूप जातं, तर प्रश्न सुईचा नसून रक्त गोठण्याचा असू शकतो. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे अशाच आजारांवर काम चालतं.

बोलायला पैसे पडत नाहीत

शिरा न सापडण्याचं सगळ्यात कॉमन कारण तुमच्याच घरात असतं. ते म्हणजे रिकामा तांब्या. उपाशीपोटी या, असं लॅब सांगते आणि आपण निर्जळी एकादशी करतो. अहो, साधं पाणी चालतं! सकाळी दोन ग्लास पाणी प्यायलं की शिरा भरतात. एसीत हात गारठले असतील तर तळवे चोळा, हात खाली सोडून बसा. आणि सगळ्या तपासण्यांना उपास लागतही नाही. सीबीसी, थायरॉइड, तीन महिन्यांच्या साखरेची एचबीएवनसी यांना साधारणपणे पोट भरलेलं चालतं. कोलेस्टेरॉललाही आता अनेकदा उपाशी बोलवत नाहीत. फोन करून विचारा, म्हणजे ऑफिस सुटल्यावर निवांतपणे हात देता येईल.

खुर्चीत बसल्यावर गप्प राहायचं नाही. मागच्या वेळी कुठल्या हाताला, कुठे मिळाली होती ते आधीच सांगा. मोबाइलमध्ये नोंदवून ठेवलंत तर उत्तम. शिरा बारीक असतील तर बटरफ्लाय सुई मागा, तिला दोन पंख आणि बारीक नळी असते. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, २१ पेक्षा २३ नाजूक. मूठ एकदा वळून धरली की पुरे, पंप मारल्यासारखी उघडझाप केली तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम उगाच जास्त दिसतं. पट्टा मिनिटभराहून जास्त आवळलेला नको. आणि एकाच माणसाने दोनदा प्रयत्न केला की तिसऱ्यासाठी दुसऱ्याला बोलवायचं, हा सर्वमान्य शिरस्ता आहे. होम कलेक्शनला आलेला मुलगा एकटाच असेल तर ‘राहू दे, उद्या लॅबमध्ये येतो’ म्हणायला काहीच हरकत नाही. त्यात अपमान कुणाचाच नाही. पहाटेपासून तो कितीतरी दारं फिरून आलेला असतो, आणि काहींच्या शिरा खरोखरच खोल असतात.

एका वाईट टोचण्याने माणूस पुढची तपासणी वर्षानुवर्षं टाळतो, तोवर साखर आपली आत वाढत राहते. सुई बघून डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्यांचं तर विचारूच नका. यात आधी नाडी आणि बीपी वर जातं आणि मग धाडकन उतरतं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात यावर सोपा उपाय मांडला. हातापायांचे आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर गरमी जाणवली की सैल सोडायचे, अर्धा मिनिट थांबून पुन्हा, असं पाचदा. त्याने बीपी टिकून राहतं. आठवडाभर घरी सराव करा. सुई टोचताना तो हात मात्र सैल ठेवायचा, बाकीचं अंग आवळायचं. आणि मला चक्कर येते, हे पट्टा बांधायच्या आधी सांगायचं, नंतर नाही. बहुतेक लॅबमध्ये ईसीजीसाठी ठेवलेली कॉट असतेच. ती मागून घ्या आणि आडवे व्हा.